लागो अग्रिओची ‘टॉक्सिक टूर’: जरूर जा, प्रश्न घेऊन जा

इक्वेडोरच्या ॲमेझॉनमध्ये बहुतेक लोक माकडं आणि पोपट बघायला जातात. लागो अग्रिओहून निघणारी ही फेरी तेलविहिरींचा कचरा टाकलेले खड्डे दाखवते. गाईड तिथलाच, तेलविहिरींच्या आसपास वाढलेला. मी उमेदीची वर्षं ड्रिलिंग रिगवर काढली आहेत, त्यामुळे मला काहीबाही सांगून वेळ मारून नेणं अवघड. त्यालाही ते लवकरच कळलं.

पहिला थांबा टेक्सॅको या अमेरिकी तेलकंपनीची १९६७ची लागो अग्रिओ-१ विहीर. पाटी वाचावी, फोटो काढावा, पुढे निघावं. बघण्यासारखं आहे ते ‘साफ केलेल्या’ खड्ड्यावर. वरून गवत, झुडपं, संशय यावा असं काही नाही. गाईडने गिरमिट मातीत फिरवत खाली घातलं, वर आलेली माती पाण्याच्या बाटलीत टाकून हलवली. पाण्यावर रंगीत तवंग, आणि वास असा की मी थेट रिगवर जाऊन पोचलो. या खड्ड्यांना अस्तर नव्हतंच. वर पावसाने ते भरून वाहू नयेत म्हणून काठाला पाइप, आणि त्याचं तोंड ओढ्याकडे! मला हा पाइप सगळ्यात जास्त झोंबला. गळती चुकून होते; पाइप कुणीतरी मोजमाप घेऊन बसवलेला असतो.

तेलाबरोबर जमिनीतून खारं, गरम पाणी येतं. ते परत खोल थरात सोडायचं तंत्र तेव्हाही जुनंच होतं, आणि खुद्द टेक्सासने असे उघडे खड्डे १९६९मध्ये बंद केले. इथे ते पाणी ओढ्यांत गेलं, कंपनीवर खटला भरलेल्या स्थानिकांच्या हिशेबाने १६ अब्ज गॅलन. कोफान, सिओना, सिएकोपाई या इथल्या आदिवासी लोकांचं पिणं, मासेमारी, अंघोळ सगळं याच ओढ्या-नद्यांवर.

पुढे गॅसची धडधडती ज्वाला, खाली होरपळलेल्या किड्यांचा खच. अशा ज्वालांविरुद्ध नऊ मुलींनी दावा लावला आणि जानेवारी २०२१मध्ये प्रांतिक न्यायालयात जिंकला. ज्वाला मात्र आमच्यासमोर जळतच होती. दुरेनोच्या कोफान लोकांनी १९९८मध्ये आपल्या जमिनीवरची विहीर ताब्यात घेऊन बंद पाडली, हेही गाईडने सांगितलं, पण घाईघाईत. मला तिथे तासभर थांबायला आवडलं असतं. फेरीत नुसते बाधित लोक भेटतात, लढणारे कमी, ही माझी पहिली तक्रार.

दुसरी तक्रार मोठी. स्थानिकांनी टेक्सॅकोविरुद्ध भरलेला १९९३चा न्यूयॉर्कमधला खटला, २०११चा लागो अग्रिओचा निकाल, टेक्सॅको विकत घेतलेल्या शेवरॉनवर अखेर कायम झालेली ९.५ अब्ज डॉलरची भरपाई, हे सगळं गाईड तोंडपाठ सांगतो. अमेरिकी न्यायाधीशाने २०१४मध्ये तो निकाल लाच आणि फसवणुकीने मिळवल्याचं ठरवलं, २०१८मध्ये हेगच्या लवादानेही शेवरॉनच्या बाजूने कौल दिला, हे मात्र मी विचारल्यावरच निघालं. का लपवायचं? वकिलांनी काय केलं-न केलं, त्याने बाटलीतला तवंग पुसला जात नाही. पेट्रोइक्वेडोरचं तर एका वाक्यात उरकलं. ही सरकारी कंपनी टेक्सॅकोची भागीदार होती, १९९०पासून विहिरी तीच चालवते, आणि त्यानंतरच्या सांडलेल्या तेलाचा जाब तिलाच द्यायला हवा.

इक्वेडोरच्याच यासुनी राष्ट्रीय उद्यानात तेल जमिनीतच राहू द्या, असा कौल २०२३च्या सार्वमतात सुमारे ५९ टक्के मतदारांनी दिला. ती सरकारी विहिरींविरुद्धची लढाई, त्यामुळे इथे तिच्यावर बोलणं व्हायलाच हवं होतं.

स्पॅनिश येत नसेल तर दुभाषा आधी ठरवा, इंग्रजी कामचलाऊ. पैसे रोख डॉलरमध्ये, सुटे ठेवा. गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट हवेतच. दम्याच्या माणसाने ज्वालेपाशी गाडीतून उतरू नये. पाचपैकी चार तारे. पाचवा कापला तो पेट्रोइक्वेडोरवरच्या त्या एका वाक्यासाठी.