व्हेन्लाफॅक्सिनचे सात महिने

स्तनाच्या कॅन्सरसाठी टॅमॉक्सिफेन, म्हणजे हार्मोनचा परिणाम रोखणारी गोळी, सुरू झाली आणि तिसऱ्या महिन्यात गरम वाफांनी जीव नकोसा केला. छातीतून धग उसळून कानशिलांपर्यंत चढायची, घामाने अंग डबडबायचं आणि मागोमाग हुडहुडी भरायची. रात्री चार-चारदा उठून गाऊन बदलायचे. कोरडा गाऊन उशाशीच ठेवलेला असायचा. एका पहाटे तर वाटलं, टॅमॉक्सिफेनच सोडून द्यावं. पण माझी गाठ हार्मोनवर पोसणारी, त्यामुळे ते निदान पाच वर्षं घ्यायचंय. बहिणीला पाळी गेल्यावर दिलेल्या हार्मोनच्या गोळ्याही मला वर्ज्य.

जवळच्या डॉक्टरांनी वाफांसाठी पॅरॉक्सेटिन लिहून दिलं, ही खरं तर डिप्रेशनची गोळी. बरं झालं, घ्यायच्या आधी कॅन्सरच्या मॅडमना चिठ्ठी दाखवली. म्हणाल्या, "ही नको हं ताई. टॅमॉक्सिफेन लिव्हरमध्ये ज्या एन्झाइममुळे कामाला लागतं, त्यालाच ही गोळी अडवते." फ्लुऑक्सेटिन या तशाच दुसऱ्या गोळीचंही तेच. मला त्याऐवजी व्हेन्लाफॅक्सिन दिलं, तीही डिप्रेशनचीच गोळी: पहिला आठवडा ३७.५ मिलिग्रॅम, मग ७५.

डिप्रेशनची गोळी म्हणून सासूबाई धास्तावल्या होत्या. मॅडमनी त्यांनाही बसवून समजावलं. २००० साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकन अभ्यासात ७५ मिलिग्रॅमने चार आठवड्यांत वाफांचा त्रास ६१ टक्क्यांनी घटला, औषध नसलेल्या गोळीने २७. दीडशेने जास्तीचा फायदा झाला नाही.

पहिले दहा दिवस मळमळ फार. उपाशीपोटी अजिबात घेऊ नका. मी पोहे-उपमा खाऊन घेते. तोंड कोरडं पडतं, पोट साफ होत नाही, बीपी तपासत राहावं लागतं. पण तिसऱ्या आठवड्यात एकदा सकाळी जाग आली, तर गाऊन घडी न मोडता उशाशी तसाच होता! मला रडूच आलं. वाफा पूर्ण गेल्या नाहीत, दिवसाला दोन-तीन येतात, पण रात्रीची झोप परत मिळाली.

गावी लग्नाला गेले तेव्हा स्ट्रिप घरीच राहिली. दुसऱ्या दिवशी गरगरायला लागलं, मान वळवली की डोक्यात करंट बसल्यासारखं व्हायचं. कॅप्सूल अचानक थांबवायची नसते, हे तेव्हा अंगावर आलं. आता पर्समध्ये चार कॅप्सूल कायम असतात.

केमोच्या वेळी ओळख झालेल्या मावशींना ही सोसली नाही. त्यांना वाफांसाठी रात्री गॅबापेन्टिन (मूळचं फिट्सचं औषध) ३०० मिलिग्रॅम दिलंय. झोप लागते, पण सकाळी गुंगी राहते, म्हणून त्या ते आता लवकर, जेवण झाल्याबरोबर घेतात.