माइनक्राफ्टमध्ये चित्र उतरवताना: उभी भिंत की जमिनीवरचा नकाशा?

काळी-पिवळी टॅक्सी, लाल डबलडेकर, सीएसएमटीची इमारत, घरातला एखादा फोटो. यातलं काहीही माइनक्राफ्ट या ठोकळ्यांच्या खेळात ब्लॉकने उतरवायचं असेल तर आधी ठरवा, की बघणारा ते कुठून बघणार. चालत येऊन समोर उभा राहणार असेल तर उभी भिंत बांधा. घरातल्या भिंतीवर फ्रेममध्ये बघणार असेल तर ब्लॉक जमिनीवर पसरा आणि त्याचा खेळातला नकाशा काढा. दोन्हीकडे एक ब्लॉक म्हणजे एक ठिपका, पण त्यापुढे दोघांचं गणित फार वेगळं आहे.

भिंतीचं माप तुमच्या हातात असतं. बाजूने दिसणारी टॅक्सी ४८ रुंद आणि २० उंच छान दिसते. तिला ९६० ब्लॉक लागतात, म्हणजे १५ स्टॅक (६४ ब्लॉकचा एक गठ्ठा), आणि ते एका शल्कर बॉक्समध्ये, म्हणजे २७ स्टॅकच्या पेटीत, मावतात. नकाशात ही सूट नाही. सर्वांत लहान नकाशा १२८ बाय १२८ जागा दाखवतो आणि चित्राने तो पूर्ण भरायचा तर १६,३८४ ब्लॉक हवेत: २५६ स्टॅक, साडेनऊ शल्कर बॉक्स. आकडा छातीत धडकी भरवणारा आहे. पण नकाशात ब्लॉकचा पोत दिसत नाही, फक्त रंग दिसतो. पांढरी लोकर, पांढरं काँक्रीट आणि पांढरं कार्पेट तिथे एकसारखंच उमटतं. म्हणून सपाट जमिनीवर कार्पेट अंथरा. दोन लोकरींतून तीन कार्पेट होतात, त्यामुळे सुमारे ११ हजार लोकरीत काम भागतं. शिवाय नकाशा पूर्ण झाल्यावर कार्टोग्राफी टेबलवर (खेळातलं नकाशांचं टेबल) काचेचं तावदान लावून तो कुलूपबंद केला की चित्र कायम राहतं. मग खालची कार्पेट उचलून पुढच्या चित्राला वापरा. भिंतीतला माल भिंतीतच अडकतो.

रंगांच्या बाबतीत नकाशा सरळ पुढे आहे. लोकर १६ रंगांत, काँक्रीट १६ रंगांत, टेराकोटा (भाजलेली माती) साधा धरून १७. नकाशात मूळ रंगच साठच्या आसपास मिळतात आणि ब्लॉक उत्तरेकडच्या शेजाऱ्यापेक्षा उंच, समान किंवा खाली ठेवला की प्रत्येकाच्या तीन छटा होतात. ही पायऱ्यांची पद्धत सुंदर दिसते, पण सर्व्हायव्हलमध्ये, म्हणजे माल स्वतः गोळा करून खेळताना, वेळखाऊ आहे. पहिला नकाशा सपाटच करा.

आता चित्राकडे बघा. टॅक्सीला सपाट काळा, सपाट पिवळा, थोडा राखाडी पुरतो, ती भिंतीची. वारली चित्र तर भिंतीसाठीच जन्मलंय: तपकिरी टेराकोटावर पांढरं काँक्रीट. माणसाचं धड टोकाला टोक लावलेल्या दोन त्रिकोणांचं असतं, ते विषम संख्येतच बांधा: ९, ७, ५, ३, १ आणि पुन्हा ३, ५, ७, ९. पाया सम संख्येचा घेतला तर टोक दोन ब्लॉकचं होतं आणि कंबर जाड दिसते. सीएसएमटीचा घुमट, कमानी, दगडावरची सावली ४८ ब्लॉकमध्ये नुसती चिखल होते, तिथे नकाशाच हवा. चेहऱ्यांचंही तेच. भिंतीवर चेहरा करायचाच असेल तर लोकर टाळा. पांढरा, नारिंगी आणि साधा टेराकोटा त्वचेच्या जवळ जातो.

चित्र बारीक करताना होणाऱ्या चुका दोन्हीकडे सारख्या. व्हॉट्सॲपवरून फोटो आला असेल तर कडांभोवती भलतेच रंग सांडलेले असतात. तो डॉक्युमेंट म्हणून मागवा. डिदरिंग, म्हणजे दोन रंगांचे ठिपके मिसळून तिसऱ्याचा भास करणं, नकाशात चालू ठेवा. भिंतीवर बंद करा, नाहीतर टॅक्सीच्या दारावर पुरळ उठल्यासारखं दिसतं. एका ब्लॉकपेक्षा बारीक गोष्टी, जसं खिडकीमधली पट्टी किंवा टपावरचं कॅरिअर, आपोआप पुसल्या जातात. त्या हातानेच काढाव्या लागतात.

भिंतीत माल निवडताना काँक्रीट घ्या. आठ ब्लॉक पावडरीला चार वाळू, चार ग्रॅव्हल (खडी) आणि एक रंग लागतो, म्हणजे टॅक्सीला ४८० वाळू, ४८० ग्रॅव्हल, १२० रंग. पावडर खाली आधार नसला तर पडते, म्हणून आधी पाण्याने घट्ट करून मगच भिंतीला लावा. लोकर मेंढ्या रंगवून पुन्हा पुन्हा मिळते, पण ती जळते. तांब्याचे ब्लॉक काळासोबत हिरवे पडतात, तेही नकोत. मागच्या बाजूने बांधत असाल तर अक्षरं उलटी येतील. आणि ‘मुंबई’ लिहायचं असेल तर वरचा अनुस्वार, शिरोरेषा आणि खालचा उकार धरून अकरा-बारा ओळी राखा. इंग्रजी अक्षरांसारखं पाचांत भागत नाही.

नकाशातली सर्वांत महाग चूक जागेची. नकाशाच्या कडा ठरलेल्या असतात: शून्याभोवतीचा नकाशा एक्स (पूर्व-पश्चिम) आणि झेड (उत्तर-दक्षिण) दोन्हींत उणे ६४ ते ६३. चित्र एक ब्लॉक सरकलं तर एक बाजू कापली जाते. उत्तरेच्या कडेबाहेर, झेड उणे ६५ वर, त्याच उंचीची एक जादा ओळ लावा. नाहीतर पहिल्या ओळीची छटा बिघडते.

साधन शेवटी. कॉम्प्युटरवर जावा आवृत्ती असेल तर मॅपआर्टक्राफ्ट या मोफत साइटवर चित्र रूपांतरित करा, मालाची यादी तिथेच मिळते, आणि फाइल लिटमॅटिका या मॉडमध्ये (खेळाला जोडायची जादा सोय) उघडा. ब्लॉक कुठे ठेवायचा ते धूसर दिसत राहतं. फोनवरच्या बेडरॉक आवृत्तीत हा मॉड चालत नाही. तिथे भिंतच बरी. चौकटींच्या वहीत रंगवून घ्या आणि सेटिंगमध्ये कोऑर्डिनेट्स (जागेचे आकडे) चालू ठेवा. तरीही फोनवर नकाशाच हवा असेल तर १६ बाय १६ चे ६४ चौकोन पाडा. एका चौकोनाला २५६ कार्पेट, चारच स्टॅक. मे महिन्याच्या सुट्टीत रोज दोन चौकोन अंथरले तर साधारण महिन्याभरात चित्र पुरं होतं.