घड्यांच्या कोड्यांचा संच: कोडी उत्तम, पट्ट्यांचा कागद जाड

खजुरी बाजारातील एका स्टेशनरीच्या दुकानात कागदाच्या घड्या घालून भौमितिक कोडी आणि खेळ तयार करण्याचा एक संच मिळतो. इंदूरच्या मराठी घरांतून वाढदिवसाला देण्यासाठी काही वेगळे शोधणाऱ्यांनी तो जरूर पाहावा. मात्र त्यातील एक उणीव आधीच ठाऊक नसेल, तर मूल पहिल्याच बैठकीत कंटाळून संच बाजूला ठेवण्याची शक्यता आहे.

संचातील सर्वांत आकर्षक वस्तू म्हणजे फ्लेक्सागॉन, म्हणजेच फिरवत गेले असता दोनाऐवजी तीन बाजू दाखवणारा सपाट षट्कोन. १९३९ साली प्रिन्स्टन विद्यापीठात शिकणाऱ्या आर्थर स्टोन या इंग्रज विद्यार्थ्याने, अमेरिकी कागद आपल्या मापाच्या फायलीत बसावा म्हणून कापून टाकलेल्या कडांच्या पट्ट्या दुमडता दुमडता तो शोधला. १० समभुज त्रिकोणांची पट्टी ठरलेल्या क्रमाने दुमडून शेवटचा त्रिकोण पहिल्यावर चिकटवायचा. मग शेजारचे दोन त्रिकोण चिमटीत धरून समोरचा कोपरा आत दाबला की आकृती मध्यातून कळीसारखी उमलते. संचातील पट्ट्या मात्र जाड कार्डाच्या असल्याने थरांवर थर येताच मध्य उघडत नाही आणि जोर लावल्यास घडीवरच कागद फाटतो. त्यावर उपाय सोपा आहे: तोच आराखडा झेरॉक्सच्या साध्या कागदावर गिरवून कापावा, प्रत्येक घडी दोन्ही बाजूंनी नखाने दाबून घ्यावी आणि गोंद घडीच्या रेषेपर्यंत पसरू देऊ नये. असा केलेला षट्कोन माझ्या भाचीच्या दप्तरात कोंबला जाऊनही अजून सहज फिरतो.

चौकोनी कागद मात्र अगदी योग्य जाडीचे आहेत. त्यांपासून सोनोबे पद्धतीचे घटक करायचे असतात. प्रत्येक घटकाला दोन टोके आणि दोन खिसे असतात, आणि एकाचे टोक दुसऱ्याच्या खिशात सरकवत गेले की ६ घटकांचा घन गोंदाशिवाय पक्का उभा राहतो.

माझ्या मते संचाचे खरे मोल त्यातील प्रश्नांत आहे. मोजपट्टी न वापरता चौरसाच्या बाजूचे तीन समान भाग करा, असे एक कोडे आहे. खालचा एक कोपरा वरच्या कडेच्या मध्यबिंदूवर आणून घडी घातली की तिरकी झालेली तळकड समोरच्या उभ्या बाजूला ज्या बिंदूत छेदते, तो बिंदू त्या बाजूचे २:१ असे भाग करतो. असे का होते, हे पुस्तिका सांगत नाही. पण घडीमुळे होणाऱ्या काटकोन त्रिकोणांच्या बाजू ३:४:५ या प्रमाणात असल्याचे आठवी-नववीतील मुलाला पायथागोरसच्या प्रमेयावरून स्वतः शोधता येते, आणि उत्तर राखून ठेवण्याचा हा निर्णय मला फार आवडला.

इतिहासाच्या पानावर मात्र केवळ जपानचाच उल्लेख आहे. टी. सुंदर राव यांनी घड्यांतून भूमिती शिकवणारे पुस्तक मद्रासमध्ये १८९३ सालीच प्रसिद्ध केले होते. भारतात विकल्या जाणाऱ्या संचात त्यांचे नाव असायलाच हवे होते.

सूचना हिंदीत असून आकृत्या स्पष्ट आहेत, तरी दहा वर्षांखालील मुलांसोबत मोठ्यांनी बसावे. ३० घटकांचा टोकदार गोल करायचा असल्यास संचातील कागद पुरत नाहीत, म्हणून सुट्या चौकोनी कागदांची गड्डी सोबतच घ्यावी.