अंगठ्याचं मशीन की मोबाइलवरची हजेरी?

जुळे सोलापुरातल्या चार मजली कामावर तीस-चाळीस माणसं असली, की वहीतलं मस्टर पुरत नाही.

गेटवरचं अंगठ्याचं मशीन गवंड्यांपाशीच अडतं. सिमेंटनं बोटं झिजतात, ठसा उमटत नाही, आठ वाजता रांग लागते. प्रत्येकाची दोन्ही हातांची बोटं नोंदवली तर जरा सुसह्य. पण आला-गेला यापलीकडे मशीनला काही कळत नाही.

मुकादमाच्या मोबाइलवरच्या अ‍ॅपमध्ये फोटो आणि जागा दोन्ही येतात. हजेरी लागण्यासाठी साइटभोवतीची हद्द २० मीटरची ठेवली तर जीपीएस भरकटून हजर माणूस गैरहजर दिसतो; १०० मीटर ठेवा. वेळ सर्व्हरची धरा, फोनचं घड्याळ मागे घेता येतं (आणि घेतलं जातंच).

अ‍ॅपचा खरा फायदा संध्याकाळच्या रिपोर्टचा, त्यात दिवसाचं काम आणि सिमेंटचा खर्चही लिहिला जातो. १:१.५:३ (सिमेंट:वाळू:खडी) काँक्रीटला घनमीटरमागे सिमेंटच्या साधारण ८ गोणी लागतात. स्लॅब १२ घनमीटर आणि खर्च १२० गोणी लिहिला, तर वरच्या २४ गोणी कुठे गेल्या, हे त्याच दिवशी विचारता येतं.

बांधकाम कामगार मंडळाच्या नोंदणीला वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो. तो देताना दोन्हींतली नोंद कामी येते. माणसं दहाच असतील तर मात्र वहीच बरी.