बेकरीला सोलर सबसिडी म्हणे! 7,22,500 रुपये गेले

सांगलीजवळ आमची टोस्ट-खारीची बेकरी आहे. इलेक्ट्रिक ओव्हन, महिन्याचं बिल 26-27 हजार. एका सोलरवाल्याकडून 20 किलोवॅटचं कोटेशन आलं 11,40,000 चं. तो म्हणाला, "तुम्ही फक्त 60 टक्के भरा, बाकीचे 40 टक्के सरकार आम्हाला देतं." 6,84,000 चेकने दिले. नंतर नेट मीटर (आपली जास्तीची वीज बाहेर गेली की ती वेगळी मोजणारा मीटर) आणि टेस्टिंगसाठी म्हणून 38,500, तेही त्याच्या पर्सनल यूपीआयवर.

फॉर्मवर सही करताना 'ग्राहक प्रकार : घरगुती' असं छापलेलं मला दिसलं होतं. मी विचारलंही, "अहो, आमचं कनेक्शन तर औद्योगिक आहे." म्हणाला, "शेठ, पोर्टलवर तेवढाच ऑप्शन आहे." तिथेच पेन खाली ठेवायला हवं होतं! पण शेजाऱ्यांच्या घरच्या सोलरचे 78,000 त्यांच्या खात्यात जमा झालेले मी डोळ्यांनी बघितले होते, मग का विश्वास ठेवू नये? ते पैसे देणारी केंद्र सरकारची सूर्यघर योजना फक्त घरांसाठी आहे. धंद्याला घसारा (यंत्राच्या किमतीतली दरवर्षीची घट खर्चात दाखवणं) जास्त लावून इन्कम टॅक्स वाचवता येतो, रोख सबसिडी नाही.

कोटेशनमध्ये महिन्याला 3,600 युनिट लिहिले होते. आपल्याकडे एका किलोवॅटला महिन्याला साधारण 120 युनिट धरतात, म्हणजे 2,400. माझ्या 9 रुपये दराने 21,600 वाचले असते, तेही कागदावर, कारण बिलातला स्थिर आकार, म्हणजे वापर कितीही असो भरावाच लागणारा भाग, सोलर लावूनही चुकत नाही. पूर्ण 11,40,000 वसूल व्हायला साडेचार वर्षं. तो सांगत होता पावणेदोन!

पॅनल 37 आले, मी स्वतः मोजून घेतले. 540 वॅटचं लेबल. पुढे एकाचा कोपरा सुटलेला दिसला म्हणून नखाने उचलला, तर खाली दुसरं लेबल : 335. टेप लावा हो! 540 चा पॅनल साडेसात फूट लांब असतो, माझे जेमतेम साडेसहा. म्हणजे सगळे मिळून 12.4 किलोवॅट.

प्लांट चालू करून दिला आणि फोन बंद. पुढचं बिल आलं 29,340! नेट मीटरचा अर्जच केला नव्हता, आणि जुना मीटर बाहेर जाणारी वीजही वापर म्हणूनच मोजत होता. वीज कार्यालयात गेलो तर साहेब उलट माझ्यावरच डाफरले, "परवानगीशिवाय प्लांट चालू केलाच कसा? दंड लागेल." पोलीस म्हणतात सिव्हिल मॅटर आहे, कोर्टात जा. सायबरवाले म्हणतात, चेक तुम्ही स्वतः सही करून दिलाय, यात ऑनलाइन काय? 38,500 यूपीआयने गेलेत म्हटलं, तर म्हणे आधी पोलिसांकडे जा. ग्राहक आयोगातल्या केसेस बघणारा वकील म्हणतो, व्यावसायिक वापर आहे, पोटापाण्यासाठीच बेकरी चालवता हे आधी सिद्ध करा. मग काय हौस म्हणून पहाटे चारला भट्टी लावतो?

सोलरवाल्याचा जीएसटी नंबर जीएसटीच्या पोर्टलवर टाकून बघा. माझ्यावाल्याचा केव्हाच रद्द झालेला निघाला. नेट मीटरच्या अर्जाचा क्रमांक हातात आल्याशिवाय दुसरा हप्ता सोडू नका, आणि तो क्रमांक खरा आहे का हे वीज कार्यालयात स्वतः जाऊन विचारा.

पॅनल अजून छतावरच आहेत. उतरवायला दुसरा माणूस 18,000 मागतोय.