बिनडिस्कचे सहा पीसी, आठ महिन्यांनंतर

सुरुवात हौसेतून नाही, कंजूषपणातून झाली. दांडिया बाजारातल्या आमच्या जुन्या वाड्यात वहिनी शाळकरी मुलांचा कॉम्प्युटर क्लास घेतात. गेल्या मे महिन्यात बंद पडलेल्या एका ऑफिसातले सहा डेस्कटॉप भंगाराच्या भावात मिळाले. चौथ्या पिढीचा आय-थ्री, ४ जीबी रॅम, आणि हार्ड डिस्कच्या जागी रिकामा खण. डेटा बाहेर जाऊ नये म्हणून ऑफिसं डिस्क काढून ठेवतात आणि उरलेला डबा विकतात. सहा एसएसडींचा हिशेब कागदावर मांडला, तेव्हा लक्षात आलं की माळ्यावर माझा डेबियनचा (लिनक्सचा एक प्रकार) सर्व्हर रात्रंदिवस चालूच असतो. मशीनं नेटवर्कच्या तारेतून त्याच्यावरूनच का उठवू, म्हणजे सुरू करू, नयेत? जूनमध्ये क्लास तसाच सुरू झाला.

बडोद्याच्या माणसाला हा प्रकार समजावणं सोपं आहे. सयाजीरावांनी १९१० मध्ये बॉर्डन नावाच्या अमेरिकन ग्रंथपालाला बोलावून संस्थानात वाचनालयांचं जाळं विणलं. मांडवीजवळची सेंट्रल लायब्ररी त्यातलीच, आणि पेट्यांत पुस्तकं भरून गावोगाव पाठवायची फिरती वाचनालयंही त्यातलीच. आमच्याकडे सर्व्हर म्हणजे सेंट्रल लायब्ररी. फरक इतकाच की पेटी पूर्ण येत नाही, वाचाल तेवढीच पानं तारेतून येतात.

मशीन चालू झालं की त्याचं नेटवर्क कार्ड डीएचसीपीने (नेटवर्कवर पत्ते वाटायची पद्धत) हाक मारतं: मला पत्ता द्या, आणि बूटची फाइल कुठे आहे तेही सांगा. याला पीएक्सई म्हणतात, बोलताना ‘पिक्सी’. इंटेलचं हे २.१ स्पेसिफिकेशन १९९९ चं. अशी मशीनं सर्व्हरवरून चालवणारा लिनक्स टर्मिनल सर्व्हर प्रोजेक्ट, म्हणजे एलटीएसपी, हाही त्याच वर्षीचा. तो २०१९ मध्ये नव्याने लिहिला गेला आणि मी वापरतो ती ही नवी आवृत्ती. ती सर्व्हरच्याच सिस्टिमची एक दाबून बसवलेली, फक्त वाचता येणारी इमेज (एकाच फाइलमधली प्रत) बनवते आणि सहाही मशीनं तीच एक इमेज एनएफएसवरून (दुसऱ्या मशीनवरच्या फाइली नेटवर्कवरून वाचायची पद्धत) वाचतात. मशीनवर सिस्टिममध्ये जे काही बदलेल ते रॅममध्ये राहतं आणि बंद केल्यावर पुसलं जातं. मुलांच्या फाइली मात्र सर्व्हरवरच्या त्यांच्या फोल्डरमध्ये जातात, त्यामुळे आज या खुर्चीवर आणि उद्या त्या खुर्चीवर बसलं तरी चित्र अर्धवट सोडलं होतं तिथेच सापडतं. वहिनींना यातलं हेच सगळ्यात जास्त आवडलं.

मला भीती होती ती राउटरची. इंटरनेटवाल्याने दिलेल्या राउटरमध्ये बूट फाइलचा पत्ता भरायला जागाच नव्हती, आणि त्याचा डीएचसीपी बंद करून सगळ्या घराचं इंटरनेट माझ्या प्रयोगावर टांगायची हिंमत नव्हती. उपाय निघाला सर्व्हरवरच्या डीएनएसमास्क या छोट्या प्रोग्रॅमच्या प्रॉक्सी डीएचसीपीत. पत्ता राउटरच देतो. डीएनएसमास्क मध्ये न पडता फक्त ‘बूटची फाइल इथे आहे’ एवढंच सांगतो. एलटीएसपी मुळातच ही सेटिंग लावून देतो. तासाभरात पहिलं मशीन उठलं. मी उगाच आठवडाभर वाचत बसलो होतो.

वेळ खाल्ला तो मशीनच्या स्वतःच्या सेटअपच्या निळ्या पडद्याने. पाच मशीनं जुन्या बायोस पद्धतीने बूट मागत होती आणि सहावं यूईएफआय या नव्या पद्धतीने. दोघांना वेगवेगळी फाइल लागते. मागणाऱ्याचा प्रकार डीएचसीपीच्या ९३ क्रमांकाच्या ऑप्शनमधून कळतो आणि त्याप्रमाणे फाइल दिली जाते, म्हणून इथवर काही अडचण नव्हती. पण त्या सहाव्याचं ‘नेटवर्क स्टॅक’ (नेटवर्कवरून बूट होऊ देणारी सेटिंग) बंद होतं आणि सिक्युअर बूट (सही नसलेली बूट फाइल नाकारणारी सेटिंग) चालू. दोन संध्याकाळी मी सर्व्हरचे लॉग चाळत होतो, आणि मशीन हाकच मारत नव्हतं!

दुसरी गंमत बॅटरीची. क्लास नीट चालायचा, आणि वीज जाऊन आली की दोन-तीन मशीनं ‘बूट डिव्हाइस नाही’ म्हणून अडून बसायची. मदरबोर्डवरचे सेटअप लक्षात ठेवणारे सीआर२०३२ हे बटणाएवढे सेल मेलेले होते. वीज गेली की सेटअप विसरायचा आणि मशीन नसलेली डिस्क शोधत राहायचं. सहा सेल बदलले, प्रश्न मिटला. जुनी मशीनं घेणाऱ्याने हे काम पहिल्याच दिवशी करावं, माझ्यासारखं तिसऱ्या महिन्यात नाही.

वेगाबद्दल. बूटची फाइल पोचवणारा टीएफटीपी हा १९८१ सालचा प्रोटोकॉल पंगतीतल्या अतिशिस्तीच्या वाढप्यासारखा आहे: एक पोळी वाढली, ‘पोचली’ असं उत्तर आलं, की मगच दुसरी. मूळ ठोकळा फक्त ५१२ बाइटचा. त्यामुळे त्याच्याकडून मी फक्त छोटं आयपीएक्सई (पुढचं बूट सांभाळणारा प्रोग्रॅम) उचलतो. पुढचं कर्नल (सिस्टिमचा गाभा) आणि इनिटआरडी (त्याच्याबरोबर लागणारी सुरुवातीची फाइल) एचटीटीपीवरून, म्हणजे वेबपानांच्या पद्धतीने, येतं, त्यासाठी मेनूच्या फाइलमध्ये थोडी खाडाखोड केली. सहा मशीनं एकदम चालू केली तर मिनिटभरात सगळ्यांवर लॉगिन येतं.

जानेवारीपर्यंत येत होतं. सर्व्हर पुढच्या घराच्या माळ्यावर, क्लास मागच्या घरात, मध्ये चौक. तार नळीतून भिंतीने न्यायची की चौकावरून हवेत सोडायची, यावर आमच्या इलेक्ट्रिशियनने ‘चालशे, भाई’ म्हणत हवेतला रस्ता धरला आणि मीही मान डोलावली. मग उत्तरायण (संक्रांतीचा पतंगांचा सण) आलं. १४ आणि १५ जानेवारीला बडोद्यात गच्चीवरची कोणतीही तार मांजाच्या तावडीत असते, हे जन्मापासून माहीत असून विसरलो. १६ तारखेला क्लास उघडला तर मशीनं उठेनात असं नाही, उठत होती. पण पाच मिनिटं लागत होती. मी डीएनएसमास्क, एनएफएस, इमेज सगळं उलटंपालटं करून पाहिलं. शेवटी नेटवर्क कार्डाची स्थिती दाखवणारी इथटूल कमांड दिली आणि समोर आलं: वेग १०० मेगाबिट. गिगाबिटला तारेतल्या चारही जोड्या लागतात, १०० ला दोनच पुरतात. मांजाने वरचं आवरण कापून एक जोडी तोडली होती आणि लिंक निमूटपणे खालच्या वेगावर आली होती. सेकंदाला जेमतेम ११-१२ एमबी, आणि त्यात सहाजणांचा वाटा. नवी तार आता नळीतून गेली आहे. इलेक्ट्रिशियन तोच.

रॅमचं सांगायला हवं. सगळं लिखाण रॅममध्ये होतं म्हटल्यावर ४ जीबीत ब्राउझरच्या दहा टॅब उघडल्या की मशीन धापा टाकायला लागतं. झेडरॅम (रॅममधला डेटा दाबून ठेवायची सोय) लावून थोडं सुसह्य झालं, पण खरा उपाय जुन्या डीडीआर-३ च्या कांड्या शोधून ८ जीबी करणं हाच. चार मशीनांना मिळाल्या, दोन अजून तशीच आहेत आणि मुलं ती टाळतात.

सांभाळणं किती? महिन्यातून एक रविवार. सर्व्हर अपडेट करायचा, इमेज नव्याने बनवायची, झालं; सहा मशीनं अद्ययावत. नवं खातं उघडलं की मात्र इनिटआरडीची कमांड पुन्हा द्यावी लागते, आणि ते मी हमखास विसरतो. मग खालून हाक येते: “भाऊजी, नवीन मुलगी बसलीये, तिचा पासवर्ड घेत नाही हो!” “वहिनी, दोन मिनिटं द्या, आणि ते मशीन बंद करून पुन्हा चालू करा.” एकदा कुणाच्या तरी पायाने नेटवर्क स्विचचा (सगळ्या तारा जोडणारा डबा) अडॅप्टर निघाला आणि सहाही पडदे जागच्या जागी गोठले. परत लावल्यावर थोड्याच वेळात जिथे थांबले होते तिथून चालू झाले. एनएफएस सर्व्हरची वाट पाहत बसतं, सोडून देत नाही. तेव्हापासून सर्व्हरबरोबर स्विचही यूपीएसवर आहे.

सुरक्षेच्या बाबतीत मी डोळे मिटून नाही. टीएफटीपी कुणालाच पासवर्ड विचारत नाही. इमेजमध्ये होम फोल्डर जात नाही हे खरं, तरी घरचे फोटो आणि बँकेचे कागद मी त्या सर्व्हरवरून हलवले, आणि पाहुण्यांचं वायफाय वेगळं केलं.

दादाचा टॅली विंडोजवर आहे, तो त्याच्या डिस्कवाल्या मशीनवरच राहू दिला. आयएससीएसआयवरून (नेटवर्कपलीकडची डिस्क स्वतःचीच असल्यासारखी वापरायची पद्धत) विंडोजही उठवता येतं, पण हिशेबाच्या मशीनवर प्रयोग करून दादाशी भांडण कोण घेणार? कुणाकडे एक-दोनच मशीनं असतील तर सरळ एसएसडी लावा, एका दुपारचं काम आहे. पाच-सहा असतील, घरात केबलला आरजे-४५ (नेटवर्कच्या तारेचा प्लग) लावता येणारा एक माणूस असेल, तर मी पुन्हा हेच करीन.

सध्या पंचाईत एकच. माळ्यावर पत्रे आहेत आणि एप्रिल-मेमध्ये तिथे हात ठेववत नाही. सर्व्हर खाली आणायला थंड जागा म्हणजे देवघराशेजारची कोनाड्याची भिंत. आईला विचारलं. ती म्हणाली, आण, पण त्याचे ते लुकलुकणारे हिरवे दिवे देवांच्या बाजूला नकोत. काळी टेप आणून ठेवली आहे.