पायवाटेवरच्या बाणांसाठी पिवळा ऑइलपेंट: पाचपैकी चार

मुंबईत कोपऱ्यावरच्या रंगाच्या दुकानात मिळणारा साधा पिवळा ऑइलपेंट सह्याद्रीतल्या वाटा आखायला पुरेसा आहे. काळ्या कातळावर तो लांबून उठून दिसतो. पांढरा घेऊ नका. दगडफुलाचे पांढुरके डाग धुक्यात बाणासारखेच भासतात. (स्वित्झर्लंडच्या डोंगरवाटांवर पांढरा-लाल-पांढरा पट्टा असतो. छान दिसतो, पण दोन डबे आणि त्यांचं टर्पेंटाइन पाड्यावर वाहणार कोण?) स्प्रे तर नकोच, वाऱ्यावर निम्मा उडतो.

खरं काम दगडावर होतं. बाण सोलतात ते बहुतेकदा शेवाळावर किंवा ओल्या कातळावर रंगवल्यामुळे, कारण खाली अडकलेली ओल पापुद्रा उचलते. म्हणून दिवाळीनंतर, ऊन चढल्यावर सुरुवात करायची. नागदेवी स्ट्रीटवर मिळतो तसल्या तारेच्या ब्रशने दगड घासा, धूळ पुसा, जुन्या एक्स-रे फिल्ममधून कापलेला १५ सेंमीचा साचा धरून पहिला हात द्या, दुसरा दुसऱ्या दिवशी. खडबडीत दगड धरूनही ५०० मिलीच्या डब्यात शंभरेक बाण होतात. सुटा धोंडा मात्र टाळा. तो फिरला की बाणही फिरतो.

कर्जतहून कोंदिवडेमार्गे राजमाचीला चढताना कोंढाणे लेण्यांपुढे ढोरवाटा फुटतात. अशा जागी फाट्याआधी एक बाण आणि वळल्यावर दहा पावलांवर दुसरा, खात्रीचा. उतरणाऱ्यांसाठी दगडाच्या वरच्या अंगाला वेगळा. लेण्यांवर, तटबंदीवर थेंबही नको, झाडाला खिळा नको. वनजमीन असेल तर आधी वनखात्याची परवानगी.

वाट कुठून न्यायची हे गावाने ठरवावं: पिण्याचं पाणी आणि शेताचे बांध टाळून, जेवण देणाऱ्या घरांच्या अंगणावरून. गावाला वळसा घालून बाण काढले की मुंबईकर डबा घेऊन वर जातो, कचरा टाकून उतरतो आणि पिठलं-भाकरीचं एक ताटही खपत नाही. रंगवायला गावातलीच दोन माणसं रोजावर घ्या, पुढच्या वर्षी पुसट बाण उजळायला तीच लागतील.

एक तारा कापला तो अंधारासाठी. पहाटे बॅटरीच्या उजेडात हा रंग चमकत नाही.

उरलेल्या डब्याचं झाकण ठोकून तो उलटा ठेवा, म्हणजे साय तळाला धरते.